मावशींची जुळलेली उत्तरं

मंडळी, पंचवटीतल्या सायबर कॅफेतून लिहितोय, टायपिंगच्या चुका चालवून घ्या.

नवीन सभासदांसाठी सांगतो, मी संख्याशास्त्रवाला. सध्या गुडघेदुखीच्या पेशंटसाठी बनवलेली एक प्रश्नावली तपासतोय. दोन आठवड्यांनी त्याच माणसाला तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. दुखणं तेवढंच असेल तर उत्तरंही तीच यायला हवीत. तशी आली की प्रश्नावली भरवशाची.

आज दवाखान्यात सिन्नरकडच्या एक मावशी दुसऱ्यांदा आल्या. मी प्रश्न वाचत गेलो, त्या सांगत गेल्या. दुखणं? "थोडं." झोप? "लागते." जुना कागद शेजारी ठेवून पाहिलं, एकही उत्तर इकडचं तिकडे नाही. मी खूश.

मग मावशी उठायला गेल्या. दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि परत खाली बसल्या.

"मावशी, दुखणं वाढलंय का?"

"लय वाढलंय. रातभर डोळ्याला डोळा नाय."

"मग थोडं का सांगितलंत?"

"मागल्या बारीला तेच सांगितलं व्हतं ना. घरून आठवत आले. दर वेळी निराळं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाई खोटं बोलती."

त्यांना डॉक्टरांकडे पोचवलं आणि परत येऊन फाईल उघडली. आतापर्यंतची जवळपास सगळी उत्तरं अशीच छान जुळलेली आहेत. कालपर्यंत मला त्याचा अभिमान होता.

तुमच्यापैकी जे असं काम करतात त्यांना विचारतो. शेवटचं उत्तर लिहून झाल्यावर माणूस खुर्चीतून कसा उठतो, हे तुम्ही बघता का? मी आजवर कधीच बघितलं नव्हतं.