गेटवर अडवलं तर

मरोळच्या एका कंपनीत सेल्सच्या मुलाखतीला आम्हा चौघांना एकत्रच बसवलं होतं. मॅनेजरने विचारलं, "अपॉइंटमेंट नाही आणि सिक्युरिटीने गेटवरच अडवलं, तर काय कराल?" एकजण म्हणाला, साहेबांच्या ओळखीचा आहे म्हणून सांगेन. दुसरा म्हणाला, फोनवर बोलत सरळ आत घुसेन. माझं डोकंच फिरलं. माझे बाबा घाटकोपरला एका ऑफिसच्या गेटवर उभे असतात. असले हिरो ते रोज परत पाठवतात.

मी म्हणाले, "आधी गेटवरच्या माणसाला त्याचं नाव विचारेन. माझ्या बाबांना आजवर एकाही सेल्सवाल्याने विचारलेलं नाही. जो विचारेल, त्याला साहेब कधी मोकळे असतात ते बाबा स्वतःच सांगतील."

नोकरी मलाच मिळाली. पण त्याआधी मॅनेजर खुर्चीत सरळ बसला आणि म्हणाला, "नाव काय तुमच्या बाबांचं?"