चाळीस दिवसांचं विरजण

राजधानी भोपाळला जाणार ही बातमी सरकारच्या आधी आमच्या गल्लीला कळली होती. संस्थान गेलं, मध्य भारत आला, दफ्तरं सहा महिने इंदुरात आणि सहा महिने ग्वाल्हेरात अशी येरझारा घालू लागली, आणि आता तेही मोडून सगळा पसारा भोपाळला. ग्वाल्हेरात शिंदे की छावनीतल्या आमच्या गल्लीत अकरा मराठी घरं. नऊ घरांतले पुरुष दफ्तरात, उरलेल्या दोन घरांतले दफ्तराला नावं ठेवायला.

कोपऱ्यावरच्या घरात मावशी राहायच्या. यजमान महाराजांच्या पागेत होते, ते जाऊन वीस वर्षं झाली होती. घर मावशींच्या नावावर, सोबत सचिवालयात कारकून असलेला मुलगा आणि सून. मावशी सख्ख्या कुणाच्याच नव्हत्या, पण अख्ख्या गल्लीचं दही त्यांच्या विरजणाचं. त्यांच्या दह्याचं पातेलं डोक्यावर उलटं धरलं तरी थेंब पडायचा नाही. मी धरून पाहिलंय, जावेच्या डोक्यावर.

त्या वर्षी नवरात्र उरकलं आणि सून दार अर्धंच उघडून स्वतः वाटी भरून देऊ लागली.

"सासूबाईंना बरं नाही. झोपल्यात."

दुसऱ्या दिवशी माझ्या दह्याला तार सुटली. समोरच्या वहिनींच्या पातेल्यात तर दूध जसंच्या तसं. दुपारी आम्ही पातेली मध्ये ठेवून बसलो, रोग्याभोवती वैद्य बसतात तशा.

"हे मावशींनी लावलेलं नाही," समोरच्या वहिनी म्हणाल्या. "त्या विषमज्वरातसुद्धा विरजण चुकवत नाहीत."

मी मागच्या बोळातून गेले. मला खिडकीला कान लावायची खोड आहे असं लोक म्हणतात, आणि ते खरं आहे. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. गजांतून मावशींचा हात बाहेर आला. दंडावर बोटांचे वळ, काळेनिळे.

"काल सकाळी जेवले," त्या म्हणाल्या, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगताहेत. "दोघं भोपाळला चाललेत. घराला भाडेकरू बघून ठेवलाय. मला आधी वृंदावनाला नेतो म्हणतोय, दर्शनाला. धर्मशाळेत सोडून येणार. अगं, भोपाळ दक्षिणेला, वृंदावन उत्तरेला. मी पागेवाल्याची बायको, मला दिशा कळत नाहीत होय?"

"तुम्हाला जायचंय?"

"मला माझ्या घरात मरायचंय. तेही इतक्यात नाही."

पुरुषांना सांगितलं. ते म्हणाले, घरातली बाब आहे. जणू आम्ही सगळ्या रस्त्यावर राहत होतो. हळदीकुंकवाच्या निमित्तानं आत शिरावं, तर मावशी विधवा, त्यांना बाहेर कोण आणणार? तेव्हा मी एक व्रत काढलं.

सून देवभोळी. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच नमस्कार करायची. मी तिच्या दारात उभी राहून सांगितलं, "आमच्या साताऱ्याकडे व्रत असतं बाई. गल्लीतल्या थोरल्या विधवेच्या हातून चाळीस दिवस विरजण घ्यायचं. ती पोटभर जेवलेली हवी, उजेडात बसलेली हवी. नाहीतर दही नासतं, आणि तिच्या घरचा प्रवास फळत नाही."

आमच्या घराण्यानं सातारा सोडून दीडशे वर्षं झाली होती. तिथं कुठली व्रतं चालतात, मला काय ठाऊक. पण विरजणाला आलेल्या बाईला रिकाम्या वाटीनं परत धाडायचं नाही, एवढी रीत सुनेलाही मोडवेना. तिनं कडी काढली.

मग रोज सकाळी दोघी-तिघी वाट्या घेऊन जायच्या. मावशींचं जेवण होईपर्यंत उठायच्या नाहीत, दंडाला तेल लावायच्या, जाताना "उद्या येतो" असं मुलाला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगायच्या. गल्लीत दह्याचा पूर आला. कढी, ताक, पुन्हा कढी. चहाला दूध उरेना. आमचे हे म्हणाले, "आता मला घुसळलंस तर लोणी निघेल." बाराव्या दिवशी फूलबागेकडल्या बायकाही वाट्या घेऊन हजर. आमच्या शेजारच्या पंडिताइननं विचारलं, "बहनजी, ये व्रत किस देवता का है?"

"मौसी का," मी म्हणाले.

एकच चूक झाली. चाळीस दिवस म्हणताना मी कॅलेंडर पाहिलं नव्हतं. सव्विसाव्या दिवशीच सकाळी दारात टांगा उभा राहिला आणि मुलानं मावशींचं गाठोडं आत टाकलं.

आम्ही उंबऱ्यासमोर वाट्या घेऊन बसलो. मी सांगते तेव्हा शंभर बायका असतात. होत्या बावीस.

"वहिनी, बाजूला व्हा," मुलगा म्हणाला. "आईला दर्शनाला नेतोय, उगाच बखेडा नको. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे आम्हीच की, भाऊजी. आणि आम्ही म्हणतोय, मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. तुमच्या साहेबांच्या बायकोलाही म्हणणार आहोत. ती भोपाळला येतेय ना?"

सून त्याच्या बाहीला धरून कुजबुजली, "अहो, अजून चौदा दिवस राहिलेत."

तेवढ्यात मावशी बाहेर आल्या. कुणाचा हात न धरता टांग्यापर्यंत गेल्या आणि गाठोडं खाली ओढलं.

"मी येत नाही. घर माझं आहे, भाडेकरू ठेवायचा तर मी ठेवीन. तुम्ही निघा. पोचल्याचं पत्र टाक."

टांगेवाल्यानं विचारलं, "तो माताजी, आपकी सवारी नहीं?"

"नहीं भैया. इन दोनों को सीधे टेसन ले जाओ."

दुपारी आम्ही वरवंट्यानं ती कडी उखडली. ती माझ्याकडे आहे. उरलेले चौदा दिवस मावशींनी आमच्याकडून पुरे करून घेतले, एकही सोडला नाही, आणि त्या घरात आणखी अकरा वर्षं राहिल्या. त्यानंतर गल्लीत कुठल्याही म्हाताऱ्या माणसाचं दार दोन दिवस अर्धंच उघडलं, की वाट्या निघायच्या. अजून निघतात.

मध्यंतरी एका नव्या सुनेनं वाटी पुढे करत विचारलं, "आजी, हे व्रत कुठलं हो?"

"साताऱ्याकडचं," मी सांगितलं. "फार जुनं आहे."