धाकटी सिगार

म्हापशाच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो समोर धरून सगळं समजावलं. पेडण्याला बसमधून उतरल्यावर बाबांनी खिशातलं सिगरेटचं पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, तूच टाक. मी टाकलं तर जागा लक्षात राहील.

वयाची पंचाहत्तरी आलेली, आणि विशीपासून ओढत आलेले. मी सासरहून, डिचोलीहून, थोडे दिवस त्यांच्यापाशी राहायला आले होते. पाव शिळा, चहा पाणचट, पंखा आवाज करतो, सगळ्यावर ते चिडत. सकाळच्या चहानंतर तर त्यांचा हात आपसूक खिशाकडे जाई आणि रिकामा परत येई.

अशाच एका सकाळी त्यांचं मन दुसरीकडे वळावं म्हणून मी विचारलं, हा सिगरेट शब्द आला कुठून? लहानपणी ते पोर्तुगीज शाळेत गेलेले. त्यांनी ठणकावून सांगितलं, आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणला, ते तिला ‘सिगार्रु’ म्हणत. मी मोबाइलवर शोधलं. शब्द फ्रेंच निघाला. सिगारला लहान आकार दाखवणारा प्रत्यय लावलेला, आपण डब्याची डबी करतो तसा. म्हणजे धाकटी सिगार. सिगार आली स्पॅनिशमधून, आणि त्याही मागे बहुधा अमेरिकेतल्या माया लोकांचा धूर ओढण्याचा शब्द. काही जण मात्र तो झाडावर किर्र करणाऱ्या किड्याच्या नावावरून आला म्हणतात. ठाम कुणालाच सांगता येत नाही.

“किडा असणार,” बाबा म्हणाले. “आत शिरून पोखरतो तो.”

मग रोज चहानंतर हाच वाद. पोर्तुगीज धाकटीलाच सिगार्रु म्हणत आणि मोठीचं नाव निराळं होतं, हे त्यांचं बरोबर निघालं, त्या दिवशी ते दुपारपर्यंत खुशीत होते.

काजूचा हंगाम आला. बोंडांचा रस काढायचं काम चाललं होतं तिथे आम्ही गेलो. त्यांच्या जुन्या सोबत्याने सवयीने सिगरेट पुढे केली. एकीने काय होतंय, असं तो म्हणाला. बाबांनी ती हातात घेतली, बोटांत फिरवली.

“नाव धाकटीचं,” ते म्हणाले, “पण माझ्या छातीत घर करून बसली. आता तिला बाहेर काढतोय. तू मदत कर, नाहीतर गप बस.”

त्यांनी ती परत दिली. सोबत्याने ती खिशात घातली आणि बाबा तिथे असेपर्यंत पेटवली नाही.

वर्ष झालं. खोकला अजून आहे. डॉक्टर म्हणतात, गेलेलं सगळं परत येणार नाही. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि यंदाही काजूच्या बागेची चढण चढले, दर वळणावर थांबत. मी आधाराला हात पुढे केला, तर म्हणाले, पुढे हो, मी येतोय.