समर हाऊस म्हणजे काय हो?

चुकीचा शब्द कानावर पडला की इनामदारबाई जागच्या जागी थांबत. लिफ्टमध्ये, भाजी घेताना, एकदा तर एका लग्नात मुठीत अक्षता धरून. शनिवार पेठेतल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर त्या विश्रांतवाडीला आमच्या शेजारी राहायला आल्या. "मुसलमान असून किती छान मराठी बोलता!" असं कुणी कौतुकानं म्हटलं की त्या शांतपणे म्हणत, "तुमचंही सुधारेल हळूहळू."

आमच्या सोसायटीच्या बागेत चार खांबांवर कौलारू छप्पर आहे. बिल्डरनं त्याचं नाव ठेवलं समर हाऊस. घरकामाला येणाऱ्या बायका दुपारी तिथं डबा खात. एका चैत्रात तिथं पाटी लागली : 'फक्त सभासदांसाठी'. बायका पार्किंगच्या कट्ट्यावर, भर उन्हात बसू लागल्या. तिथंच आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी सुरेखा चक्कर येऊन पडली. कपाळाला टाके पडले.

बाई मला घेऊन थेट सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या.

"समर हाऊस म्हणजे काय हो?"

"उन्हाळ्यात सावलीला बसायची जागा."

"मग ऊन काय सभासद बघून लागतं?"

"बाई, नियम आहे. उद्या कुणीही येऊन बसेल."

"कुणीही बसावं म्हणूनच भिंती नाहीत त्याला. माणसं अडवायची असतील तर दुसरा शब्द शोधा. कोंडवाडा चालेल."

दुसऱ्या दिवशी रोजा असताना बाईंनी समर हाऊससमोर उन्हात खुर्ची टाकली. मी विनवण्या केल्या. "त्या आत बसतील तेव्हा मी आत बसेन," एवढंच म्हणाल्या. चेहरा लाल झाला होता, तो काही नुसत्या उन्हानं नव्हे. मग मीही खुर्ची आणली. वरच्या मजल्यावरचे आजोबा छत्री घेऊन आले. त्या आठवड्यातच पाटी निघाली.

पुढच्या वर्षी बाई गेल्या. शोकसभा समर हाऊसमध्येच भरली. "बाई म्हणजे आपल्या सोसायटीचं भूषण," सेक्रेटरी बोलत होते. आम्ही सगळे सभासद सावलीत ऐसपैस बसलो होतो, आणि सुरेखा नि बाकीच्या बायका बाहेर हिरवळीवर, डोक्यावर पदर ओढून उन्हात उभ्या होत्या. त्यांना कुणी आत या म्हटलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

सभेत कधीही तोंड न उघडणारी मी उठले. "साहेब, भूषण राहू द्या. आधी सगळे सरकून बसा."