दाब कापलेली पँट

ओल्या कापडावर इस्त्री फिरल्याचा वास आला की अजून डोकं तापतं. वजन उतरल्याच्या मस्तीत हट्टा गावच्या शिंप्याला मीच म्हणालो होतो, "पँट बारीक कर, आत दाब ठेवू नको, जास्तीचं कापड कापूनच टाक." वर्षभरात वजन परत आलं. पुतणीच्या लग्नाच्या सकाळी बटण लागेना. पँट घेऊन दुकानात पळालो, तर ओल्या कापडावर इस्त्री फिरवत असलेला शिंपी पँट उलटी करून म्हणाला, "उसवू काय काका, कापडच न्हाई. चालणं काहून सोडलं?" सोडलं? थंडीपावसात रोज पहाटे चालून राहिलो, साखर बंद, भात बंद, आणि वर आळशीही मीच! शेवटी बटण उघडं ठेवून, शर्ट बाहेर सोडून मांडवात गेलो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमी बारीक झालते तवा बाया मला बाजूला घेऊन इचारायच्या, मालकाला काय आजार हाय? आज कोनीच इचारलं न्हाई. लई दिसांनी निवांत जेवले बघा."