दाजींच्या भिंतीवरची विलायती झाडं

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गावी, हट्ट्याला, शेतात सोयाबीनवर फवारत होतो. अक्का एवढंच म्हणाली, "बापू, ये रे." मी पाठीवरचा पंप उतरवला, हातपाय धुतले आणि सावकाश चहा घेतला. मोठ्या बहिणीचा नवरा गेला होता आणि मला घाई वाटत नव्हती... हे लिहू नये, असं घरच्यांचं म्हणणं. पण गेल्या महिन्याभरात त्यांच्याविषयी इतकं गोड ऐकलंय, की लिहितोच.

दाजी हिंगोलीत वकील. वकिली बरी चालायची, पण जीव चित्रांत. युरोपातल्या नामांकित निसर्गचित्रांच्या जुन्या कोरीव प्रती ते हैदराबादहून आणत. तांब्याच्या पत्र्यावर रेघ न् रेघ कोरायची, तीत शाई भरायची आणि जाड कागदावर दाबून छाप काढायचा, अशी ती महागडी चित्रं. तळी, कुरणं, ढगांखालची उंच झाडं... बैठकीच्या भिंती त्यांनी भरून गेलेल्या. आलेल्या पक्षकारालाही दाजी आधी चित्रांसमोर उभं करत. आमच्या शेतात मात्र एकदाही आले नाहीत. "तिथं बघण्यासारखं काय आहे?" हे त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं होतं, आमच्याच घरी जेवताना.

एका पावसाळ्यात आई डोळ्याच्या ऑपरेशनसाठी त्यांच्याकडे राहिली होती. मी भेटायला गेलो, तर डोळ्याला पट्टी बांधलेली आई पडवीत, बाजेवर, ओलसर गोधडीत. बैठकीचं छत गळत होतं. घरात कोरडी खोली एकच, आईला दिलेली. तिथं पलंगावर चादरी अंथरून चित्रं निजवली होती.

"दाजी, हे काय हाय?"

"कागदाला ओल लागली की संपलं," ते शांतपणे म्हणाले. "माणसाला पुसून कोरडं करता येतं."

अक्का दारात खाली मान घालून उभी. शेवटी आईच बोलली, "राहू दे बापू. चित्राला थंडी वाजत आसंल." मी तिला तशीच जीपमध्ये घालून गावी आणलं. पुढं ती त्या घराची पायरी चढली नाही.

तेराव्याला वकील मंडळी दाजींच्या रसिकतेवर भरभरून बोलली. पाहुणे पांगल्यावर अक्काला म्हणालो, "हे समदं हैदराबादला धाडून देऊ. तू चल घरी."

"येते. पण ते तळ्याचं मला पाहिजे."

"काहून? ह्यांच्यापायी माय पडवीत भिजली."

"व्हय, भिजली." ती चित्राकडं बघत राहिली. "मीठ कमी हाय, कोट कुठं हाय... एवढंच बोलायचे रे माझ्यासंगं. पण ह्याच्यापुढं उभे राहिले की हाक मारायचे. ही रेघ बघ, पाणी कसं हलून राहिलं बघ... तेवढ्यापुरती मी त्यांना दिसायची."

माणूस गेला की राग निवतो म्हणतात. माझा तिथंच दुप्पट झाला. उभ्या संसारात बाईला एवढंच मिळावं, आणि तेही तिनं जपून ठेवावं! तरी ते चित्र भिंतीवरून मीच उतरवलं, चादरीत गुंडाळलं आणि हट्ट्यापर्यंत मांडीवर धरून आणलं.

आता ते आमच्या मधल्या घरात आहे. परवा अक्का माझ्या बायकोला पाण्यावरच्या बारीक रेघा दाखवत होती, अगदी दाजींसारखी, थांबत थांबत. बायकोनं मला हाक मारली, "या की, बघा तरी."

मी चप्पल घातली आणि बाहेर पडलो.