परतीच्या विजेची मोरी

चहा निवायच्या आत माझी फजिती सांगून टाकतो. गावदेवाची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे, जळवांचा आकडा थोडा फुगवलाय. आणि आणखी एका ठिकाणी थाप मारलीय. ते शेवटी कबूल करीन. आधी सांगितलं तर तुम्ही कप ठेवून उठाल.

बिनतारी यंत्र नुकतं कुठं कुठं दिसू लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. दिग्गीच्या रानात पाहणीवाल्यांचा तळ होता आणि मी त्यांचा टपालवाला. टपाल पायांनी. कॅसल रॉकच्या स्टेशनापर्यंत दिवसभराची वाट, पावसाळ्यात एकेका पायाला चाळीस जळवा. दोन्ही पायांना मिळून शंभर.

मग साहेबांनी तळावर संदेश धाडायचं यंत्र आणलं. मी दोन महिने त्यांच्या मागं लागून ती कट्ट-कडकट्टची भाषा शिकलो. साहेब म्हणाले, "मी कॅसल रॉकला बसून ऐकतो. उद्या तीन ते चारच्या आत तुझा संदेश पोचला तर यंत्र तुझ्या ताब्यात. नाही पोचला तर टपाल पुन्हा पायांनी."

मी मनात म्हटलं, पोचवणारच. वीज थकली तर तिला खांद्यावर घेऊन जाईन.

निघताना साहेबांनी यंत्रापासून झाडावर ताणलेल्या, संदेश हवेत सोडणाऱ्या आकाशतारेपर्यंत गेलेली दुहेरी तार दाखवली. "हिचं आणि वरच्या तारेचं माप नीट जुळत नाही," म्हणाले, "म्हणून थोडी वीज टोकाला आपटून माघारी येते. येऊ दे. यंत्र मी जुळवून ठेवलंय, कशालाही हात लावू नकोस."

आता तुम्हीच सांगा, माघारी येते म्हणजे कुठं येते? यंत्रातच ना? आणि आत तर काचेच्या नाजूक नळ्या! रात्रभर तळमळलो. शेवटी ठरवलं, परतीच्या विजेला मोरी काढायची. तंबूतला विजेचा दिवा काढला आणि यंत्राच्या तोंडाशीच त्या दोन तारांवर आडवा जोडला. परत आलेली वीज दिव्यात जळून जाईल, यंत्र वाचेल. आहे की नाही डोकं?

तीनला वीज पुरवणारं इंजिन चालू केलं, कळ दाबली. दिवा असा लख्ख पेटला की मीच दचकलो. बाप रे, एवढी माघारी येत होती? बरं झालं पकडली!

ऐकायचं यंत्र कानाला लावलं. तिकडून साहेब विचारत होते, 'दिग्गी, कुठे आहेस?'

म्हणजे अजून बरीच परत येत असणार. दुसरा दिवा जोडला. तोही पेटला. 'दिग्गी, कुठे आहेस?' तिसरा जोडला.

एवढ्यात भागीअक्का चहा घेऊन आली. तळावर स्वयंपाक करायची, आणि ओढ्याकाठी तिचं भाताचं शेत.

"तम्मा, भर दुपारी दिवाळी कसली रं?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ; पण धाकट्या भावाला समजावावं तसं मी तिलाच समजावलं. ती दिव्यांकडं बघत राहिली.

"माझ्या पाटाचं तोंड वाफ्यापाशी अरुंद हाय," ती म्हणाली. "पाणी तिथं थडकून मागं सरतंय. म्हणून मी वरचा बांध फोडते व्हय? मागं आल्यालं पाणी त्या बांधाला लागून परत खालीच जातंय. वाईच मातीत जिरतंय, बाकी समदं वाफ्यात."

"अक्का, ही वीज हाय. पाणी न्हाई."

"आसंल. पण तुझ्या मोरीतनं परतीचं न्हाई, जाणारंच चाललंय."

कानात पुन्हा साहेब, 'दिग्गी, कुठे आहेस?'

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, तिन्ही दिव्यांहून मोठा. दिवे काढायला हात पुढं केला, आणि नेमके चार वाजले.

दुसऱ्या दिवशी साहेब चालत आले. दिवे काढले, कळ दाबली, आणि कॅसल रॉकला मागं बसवलेल्या माणसानं पहिल्याच हाकेला ओ दिली. मग त्यांनी बेळगावच्या कचेरीला पत्र लिहिलं: 'दिग्गीचा संदेश आता क्षणात कॅसल रॉकला पोचतो.' पत्र माझ्या हातात दिलं. मी ते दिवसभर चालून कॅसल रॉकला पोचवलं.

आता ती कबुली. चार वाजले, ही माझी थाप. अक्का बोलली तेव्हा साडेतीनच झाले होते, आणि तिचं म्हणणं मला पुरतं पटलं होतं. पण मोरी काढायची एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं. उरलेला अर्धा तास मी साहेबांच्या तंबूतला चौथा दिवा काढून आणण्यात घालवला.